पांढरीच्या टेकाडासाठी एक ठराव करा : नदीकाठच्या ग्रामसभांना खुले पत्र

घोड, भीमा, प्रवरा, गोदावरी, गिरणा आणि तापी या नद्यांच्या काठच्या गावांचे सरपंच, ग्रामपंचायत सदस्य आणि समस्त ग्रामस्थ यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या शिवारात, नदीपासून फार लांब नसलेले, एखादे बुटके पसरट टेकाड असेल. आजूबाजूच्या काळ्या रानापेक्षा त्याची माती फिकी, राखाडी आणि भुसभुशीत असते. नांगरट झाली की तिथे तांबड्या रंगाच्या, काळ्या रेघांची नक्षी असलेल्या खापऱ्या वर येतात. कधी हाडाचे तुकडे निघतात, कधी मणी, कधी गारेची धारदार पाती. कुणी त्याला पांढरी म्हणतात, कुणी जुने गावठाण. पावसाळ्याआधी त्यातली माती ट्रॉल्या भरभरून शेतात टाकायची, ही रीत आपल्याकडे जुनी आहे. अलीकडे मात्र जेसीबी लावून अख्खे टेकाडच सपाट केले जाते. हे आपण थांबवावे आणि ग्रामसभेत तसा ठराव करावा, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मागणी लहान आहे, पण ती का करतो आहे हे सविस्तर सांगायला हवे. त्यासाठी इनामगावचे उदाहरण घेतो, कारण आपल्या मुलखातली सर्वांत बारकाईने वाचली गेलेली पांढरी तीच आहे.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोडच्या उजव्या काठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांनी १९६८ ते १९८३ या काळात तिथे हंगामामागून हंगाम उत्खनन केले. टेकाडाच्या पोटात शेतकऱ्यांचे एक गाव निघाले. ते इ.स.पू. १६०० च्या सुमारास वसले आणि इ.स.पू. ७०० च्या सुमारास उठले. मधली नऊशे वर्षे लोक त्याच जागी राहिले. घर पडले की त्यावरच नवे बांधत गेले आणि टेकाड वाढत गेले. शिवरायांच्या जन्माला अजून चारशे वर्षे व्हायची आहेत. त्याच्या दुपटीहून अधिक काळ हे गाव नांदले.

तिथे एकशे तीसहून अधिक घरे उजेडात आली. भरभराटीच्या काळातली घरे चौकोनी, कुडाच्या भिंतींची, मध्ये बोळ सोडून ओळीने बांधलेली होती. आत चूल, बाहेर अंगण, धान्य साठवायला पेव आणि कणगी ठेवायला ओटा. गावाच्या मधल्या भागात सुखवस्तू शेतकरी राहत आणि पश्चिमेच्या कडेला कुंभार, सोनार यांसारखे कारागीर. कुंभाराची गोल भट्टी जागेवर सापडली. एका रांजणावर कुणीतरी बैलगाडी कोरली आहे, दोन बैल जुंपलेली. जळून कोळसा झालेले धान्य मातीतून वेचून काढले तेव्हा कळले की हे लोक जव मुख्यत्वे पिकवत, जोडीला गहू, मसूर, हुलगा, वाल, वाटाणा. बोरे आणि जांभळे खात. गाई-बैल, शेळ्या-मेंढ्या पाळत, हरणांची शिकार करत, नदीतले मासे धरत. आपल्या घरातल्या कोणत्याही आजीला या यादीतला एकही पदार्थ समजावून सांगावा लागणार नाही.

मूल दगावले की दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यात त्याला ठेवत आणि घराच्याच जमिनीखाली पुरत. ते घरापासून लांब जाऊ नये, असे त्यांना वाटत असावे. मोठ्या माणसांना पुरताना त्यांचे पाय घोट्यापासून तोडण्याची चाल होती. पण गावाच्या मध्यभागी, कोठार असलेल्या एका पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात, चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेला एक पुरुष सापडला. त्याचे पाय शाबूत होते. तो गावचा प्रमुख असावा, असा उत्खनकांचा निष्कर्ष. दुसऱ्या एका घराच्या जमिनीखाली झाकणाच्या मातीच्या डबीत शीर नसलेली स्त्रीमूर्ती मिळाली, तिच्यासोबत एक बैल. मूर्तीला आणि बैलाच्या पाठीला भोके होती. काडी घालून मूर्ती बैलावर बसवता येई.

आता या पत्राच्या मूळ मुद्द्याकडे येतो. इनामगावला गावकूस होते. वस्तीभोवती तटबंदी आणि खंदक होता. त्याशिवाय इ.स.पू. १४०० ते १००० या काळात या लोकांनी दगडगोटे आणि मातीचा सुमारे २४० मीटर लांब आणि २.२० मीटर रुंद असा बांध घातला आणि पुराचे पाणी वळवण्यासाठी पाट खणला. पाटाची लांबी सुमारे २०० मीटर, रुंदी ४ मीटर, खोली साडेतीन मीटर. आपण रोज ब्रासात माती मोजणारी माणसे आहोत, म्हणून त्याच हिशेबात सांगतो. पाटाच्या कडा उभ्या धरल्या तर ही सुमारे हजार ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) माती होते. त्या काळी त्यांच्याकडे लोखंड नव्हते. तांबे होते, पण ते इतके मोलाचे की रोजची पाती गारेचीच असत. पोकलेन तर सोडाच, साधी पहारसुद्धा नसलेल्या माणसांनी, पर्जन्यछायेच्या या कोरड्या मुलखात, पाण्यासाठी एकत्र येऊन हजार ब्रास माती हलवली. कुणीतरी आखणी केली असेल, कुणी किती दिवस राबायचे हे ठरले असेल, पाणी कुणाच्या रानाला आधी यावरून भांडणेही झाली असतील. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांनी मिळून केलेल्या पाण्याच्या कामाचा इतका जुना आणि इतका स्पष्ट पुरावा माझ्या माहितीत दुसरा नाही.

आणि हा पुरावा निव्वळ मातीचा आहे. किल्ल्याची तटबंदी पडली तरी दगड उरतो, लेण्याला तडा गेला तरी खांब दिसतो. पाट मात्र गाळाने भरतो आणि मातीत माती मिसळून जाते. तो ओळखता येतो तो थरांच्या रंगावरून आणि पोतावरून. खालचा तांबूस मुरूम कापलेला दिसतो, वर बारीक गाळाचे पापुद्रे, त्यावर राख आणि खापऱ्यांचा भराव. बांधाचेही तसेच, आणि घरांच्या कुडाचे खांब तर केवळ मातीतल्या गोल काळ्या डागांवरून कळतात. एवढ्या नाजूक खुणांवर हा सारा इतिहास उभा आहे. ट्रॉलीत भरलेली माती शेतात पसरली की त्यातली खापरी हाती राहते, पण ती कोणत्या घरातली आणि कोणत्या शतकातली, हे पुन्हा कधीही सांगता येत नाही.

असे थर शाबूत असले की काय कळते, तेही इनामगावनेच दाखवले. इ.स.पू. १००० नंतरच्या थरांत चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या येतात. भांड्यांचा दर्जा उतरतो. गव्हाचे प्रमाण घटते आणि शिकार व पाळीव जनावरे यांच्यावर भर वाढतो. पाऊसमान बिघडले, हवा कोरडी होत गेली आणि गाव हळूहळू हलाखीत गेले, असा उत्खनकांनी याचा अर्थ लावला. तरीही पुढची तीनशे वर्षे लोक तिथे टिकून राहिले. दुष्काळाला तोंड देत देत पीक बदलणारे, घर लहान करणारे आणि शेवटी गाव सोडणारे हे शेतकरी आज आपल्याला परके वाटू नयेत. आपल्या तालुक्यांत १९७२ आठवणारी माणसे अजून आहेत.

थरांतून सुटलेल्या वस्तूचे काय होते, याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण दायमाबादचे आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी हे स्थळ आहे. १९५८ मध्ये भा. पो. बोपर्डीकर यांनी ते शोधले. पुढे म. न. देशपांडे, शि. रं. राव आणि शा. अ. साळी यांनी तिथे उत्खनने केली आणि तिथेही वस्तीभोवती मातीची तटबंदी व बुरूज निघाले. १९७४ मध्ये गावातल्या एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाचे मूळ खणताना चार वस्तू सापडल्या : दोन बैलांचा रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. धातूच्या भरीव, मिळून साठ किलोहून जड. भारतातल्या प्राचीन धातुशिल्पांत त्यांना तोड नाही. त्या शेतकऱ्याच्या हातून त्या उजेडात आल्या आणि वितळवल्या गेल्या नाहीत, हे महाराष्ट्रावर मोठे उपकार आहेत. पण त्या पुरातत्त्वज्ञांच्या डोळ्यांदेखत थरातून निघालेल्या नसल्यामुळे त्यांचे वय कोणते, यावर अभ्यासकांचा वाद आजही मिटलेला नाही. काहींच्या मते त्या हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळातल्या आहेत, काहींना त्या बऱ्याच नंतरच्या वाटतात. शोधणाऱ्याची यात काहीच चूक नाही. मूळ खणताना जमिनीखाली काय आहे, हे कुणाला कसे कळावे? पण टेकाडाला जेसीबी लावताना आपल्याला खाली काय आहे ते ठाऊक असते.

नेवासे आपण ज्ञानोबांच्या खांबासाठी ओळखतो. तिथल्या पांढरीतही एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ निघाली आणि मण्यांच्या आत ओवलेला दोरा तांब्याच्या गंजामुळे तीन हजार वर्षांनंतरही शिल्लक होता. संगमनेरजवळच्या जोर्वे गावात १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले आणि त्या गावाच्या नावावरून या सगळ्या काळाला जोर्वे संस्कृती म्हणू लागले. चांडोली, प्रकाशे, बहाळ, आपेगाव ही गावेही जगभरच्या पुरातत्त्वाच्या ग्रंथांत आहेत. एनसीईआरटीच्या सहावीच्या इतिहासातून तर देशभरातल्या मुलांनी इनामगावचे नाव वाचले आहे. आपल्या स्वतःच्या तालुक्यातल्या शाळांत मात्र ते सांगितले जात नाही, याचे मला वाईट वाटते.

आता व्यवहाराचे बोलू. पांढरीची माती लोक उगाच नेत नाहीत. तीत शतकानुशतकांची राख, शेण, हाडे आणि कुजलेला पाला आहे, म्हणून ती खतासारखी लागू पडते. धाब्याच्या घरावर टाकायलाही हीच माती चांगली. जो शेतकरी ही माती नेतो त्याला दोष देण्याचा मला अधिकार नाही. रासायनिक खताचा भाव मलाही ठाऊक आहे. पण दुसरा मार्ग उपलब्ध आहे. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही राज्य शासनाची योजना २०१७ पासून आहे. तलावातला गाळ काढून तो शेतात टाकायचा, यातून तलावाची साठवण वाढते आणि रानाला सुपीक माती मिळते. ज्या गावात पांढरी आहे, त्या गावाने आपल्या नजीकच्या तलावाचा प्रस्ताव आग्रहाने लावून धरावा. गाळ दरवर्षी नव्याने साचतो. पांढरी एकदा संपली की संपली.

दुसरी अडचण भीतीची आहे. ‘पुरातत्त्ववाल्यांना कळवले तर जमीन जाईल’ हे वाक्य मी अनेक गावांत ऐकले आहे, आणि ते ऐकून लोक खापऱ्या लपवतात, टेकाड लवकर सपाट करून मोकळे होतात. कायदा काय म्हणतो ते पाहा. प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळांविषयीचा केंद्राचा १९५८ चा कायदा सांगतो की एखादे स्थळ संरक्षित करायचे झाल्यास सरकारने आधी दोन महिन्यांची नोटीस द्यायची, ती जागेजवळ लावायची आणि हितसंबंध असलेल्यांच्या हरकती विचारात घ्यायच्या. जागा संरक्षित झाली तरी मालकी आपोआप सरकारकडे जात नाही. त्याच कायद्याच्या कलम १९ मध्ये शेतकऱ्याची सोय स्पष्टपणे ठेवलेली आहे : संरक्षित क्षेत्रात बांधकाम आणि खोदकामाला बंदी आहे, पण एका फुटापेक्षा खोल खणावे लागणार नाही अशी शेती करायला नाही. म्हणजे वरवरची नांगरट, हुलगा-मटकी, ज्वारी, गवत हे सगळे चालते. बंदी आहे ती विहीर, शेततळे, सपाटीकरण आणि माती उचलण्याला. सरकारने उत्खनन केल्यामुळे किंवा कायद्यातले इतर अधिकार वापरल्यामुळे जमीनधारकाचे नुकसान झाले तर कलम २७ प्रमाणे भरपाईची तरतूदही आहे.

एक गोष्ट मात्र खरी आहे आणि ती लपवणे बरोबर नाही. २०१० च्या दुरुस्तीने केंद्रीय संरक्षित स्थळाभोवती १०० मीटर बांधकामबंदी आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र, म्हणजे परवानगी घेऊनच बांधकाम, हे थेट कायद्यात आले. टेकाड रानात असेल तर याचा फारसा त्रास नाही. पण अनेक ठिकाणी नांदते गावच जुन्या पांढरीवर बसलेले आहे. तिथे घरकुलाची भिंत उभारायलाही परवानगीच्या फेऱ्या घालाव्या लागतात आणि कागद लवकर हलत नाही. ही तक्रार रास्त आहे. म्हणून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण आणि राज्याचे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय यांनाही या पत्रातून सांगतो : प्रत्येक स्थळाची स्वतंत्र उपविधी करण्याची तरतूद कायद्यातच आहे. लेण्याभोवतीचा नियम पांढरीभोवतीच्या गावठाणाला जसाच्या तसा लावू नका. स्थळाची हद्द गावकऱ्यांसोबत फिरून दगड रोवून दाखवा, नकाशा मराठीत ग्रामपंचायतीत लावा आणि टेकाडाची माहिती मालकाला कोर्टाच्या नोटिशीतून कळण्याआधी माणसाच्या तोंडून कळू द्या. जो शेतकरी आपल्या जमिनीतला इतिहास राखतो, त्याला त्याबदल्यात वार्षिक मोबदला द्यायला हवा, असे माझे ठाम मत आहे. वनीकरणाला अनुदान मिळते, गाळाला अनुदान मिळते. दोन-तीन एकर टेकाड न खणता ठेवणाऱ्यालाही ते मिळायला हरकत नाही.

पण सरकारी संरक्षणाची वाट पाहत बसण्याइतका वेळ आपल्याकडे नाही. राज्यात शेकडो पांढऱ्या आहेत आणि त्यांपैकी संरक्षित यादीत जाणाऱ्या थोड्याच असतील. बाकीच्यांना वाचवू शकते ती ग्रामसभाच. टेकाड गायरानात किंवा गावठाणाच्या जागेत असेल, तर तिथली माती उचलू द्यायची नाही हे गाव ठरवू शकते. वीटभट्टीसाठी किंवा रस्त्याच्या भरावासाठी माती नेणाऱ्याला गौण खनिजाची परवानगी लागते, तेव्हा गावाची हरकत तहसीलदारांपर्यंत पोहोचवता येते. नाला खोलीकरणाचे किंवा पाणंद रस्त्याचे अंदाजपत्रक होत असेल, तर टेकाडाला वळसा घालून आखणी करा, असे सांगण्याची तीच वेळ असते. टेकाड खासगी मालकीचे असेल, तर मालकाच्या संमतीवाचून काही होणार नाही आणि होऊही नये. त्यांच्याशी बोलायचे काम गावातल्या ज्येष्ठांचे आहे.

म्हणून येत्या १ मेच्या, नाहीतर १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा. ठरावात गट नंबर टाकून टेकाडाची जागा नमूद करावी. तिथून माती उचलली जाणार नाही, सपाटीकरण होणार नाही, शेती करायची तर एक फुटाच्या आतच, असे लिहावे. नांगरताना खापरी, मणी, मूर्ती, हाडे काही मिळाले तर ते घरी न नेता कोणत्या जागी, किती खोलीवर मिळाले हे लिहून मोबाईलवर फोटो काढावा आणि तलाठ्यांमार्फत तहसीलदारांना कळवावे. मौल्यवान ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारकच आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींना आणि बाईंना विनंती की वर्षातून एकदा मुलांना टेकाडावर न्यावे. काही उचलायचे नाही, फक्त पाहायचे. जवळून नदी कुठून वाहते, पूर कुठवर येतो, या लोकांनी पाट कोणत्या बाजूने काढला असता, हे मुलांनाच विचारावे. पाण्याचा उतार शेतकऱ्याची मुले चटकन ओळखतात.

ठरावाची एक प्रत राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला आणि एक पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाला पाठवावी. सोबत टेकाडाचे चारही दिशांनी काढलेले फोटो जोडावेत. ठराव लिहिताना काही शंका आली, तर या दोन्ही ठिकाणी पत्र लिहून अभ्यासकाला गावात बोलवावे आणि तो येईल त्या दिवशी टेकाडाच्या मालकाला सर्वांत आधी त्याच्याशी बोलू द्यावे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
भीमाकाठच्या एका गावचा रहिवासी